बडतर्फीवर दाद कोठें मागावी?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी मराठींत म्हण आहे. बडतर्फीचा कागद हातांत घेऊन जो मनुष्य भर दुपारीं घरीं परततो, त्याला ती शेजारीपाजारी, आप्तेष्ट आणि कित्येकदां त्याचे जुने सोबतीहि ऐकवितात. मालकाशीं भांडून कोणाचें भलें झालें आहे काय, असा त्या उपदेशाचा रोख असतो. उपदेश करणारांचा हेतु चांगला असतो, यांत शंका नाहीं. परंतु नोकरी जाणें म्हणजे केवळ महिन्याचा पगार जाणें नव्हे. मुलांची फी, म्हाताऱ्या आईचें औषधपाणी आणि घराचें भाडें यांची ओढाताण तर ओघानें येतेच. पण बडतर्फीच्या कागदावर चोरी, उद्धटपणा किंवा कामचुकारपणा असा एखादा शब्द असेल, तर दुसऱ्या दारीं काम मागावयास जातांना तो शब्द त्या मनुष्याच्या आधीं तेथें पोंचलेला असतो. अशा मनुष्यानें स्वस्थ बसावें कीं दाद मागावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मात्र तें ठरविण्यापूर्वीं कायदा त्याला काय देऊं शकतो आणि किती दिवसांच्या आंत देऊं शकतो, एवढें तरी त्याला ठाऊक असलें पाहिजे.

नोकरी अन्यायानें गेली असतां कायद्याला दोन गोष्टी देतां येतात. एक, गेलेल्या नोकरीबद्दल पैसे. आणि दुसरी, गेलेली नोकरी स्वतःच. या दोहोंमध्यें महदंतर आहे. पैसे संपतात, नोकरी परत मिळाली तर तिच्याबरोबर मागील सेवेची वर्षें, बढतीचा हक्क आणि गेलेलें नांवहि परत येतें. कोणाला यांपैकीं काय मिळावें, हें अन्यायाच्या मोठेपणावर अवलंबून नसून अन्याय कोणत्या प्रकारच्या नोकरावर झाला, यावर प्रथम अवलंबून आहे. पुष्कळ माणसें चुकतात तीं येथेंच.

जुना कायदा सरळ आणि कठोर होता. मालक व नोकर यांचा संबंध हा एक करार. करार मोडला तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें नुकसानभरपाई मागावी. पण ज्या मालकाला जो नोकर नको आहे तो त्याच्या गळ्यांत बांधतां येत नाहीं, असें तें तत्त्व होतें. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीनें पाळावयास लावीत नाहीं, हा नियम १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यांत होता आणि १९६३ च्या कायद्यांतहि तो राहिला आहे. भरपाईचें मापहि तोकडेंच. नेमणुकीच्या पत्रांत "एक महिन्याची सूचना देऊन नोकरी संपवितां येईल" असें वाक्य असेल, तर सूचना न देतां काढलेल्या नोकराचें नुकसान सामान्यतः त्या एका महिन्याच्या पगाराएवढेंच धरलें जातें. वीस वर्षें इमानें राबलेल्या मनुष्याला तीस दिवसांचा पगार देऊन मोकळें होतां येतें, आणि जुन्या कायद्याच्या दृष्टीनें त्यांत हिशेबाची चूक नसते.

या तत्त्वाला पहिला मोठा छेद गेला तो मुंबईच्या एका खटल्यांत. १९४७ सालीं औद्योगिक कलह कायदा अमलांत आला. त्यानंतर वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन या संस्थेच्या कामगारांचा तंटा मुंबईच्या औद्योगिक न्यायाधिकरणापुढें गेला, आणि काढलेल्या कामगारांस परत घेण्याचा हुकूम देण्याची सत्ता न्यायाधिकरणास आहे काय, असा प्रश्न उभा राहिला. तो त्या वेळच्या फेडरल कोर्टापर्यंत पोंचला. १९४९ सालीं त्या न्यायालयानें ती सत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्यांतील विचारसरणी ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दिवाणी न्यायालय झालेल्या कराराची अंमलबजावणी करतें. औद्योगिक न्यायाधिकरणाचें काम त्याहून निराळें आहे: उद्योगांत शांतता नांदावी म्हणून त्यानें उभय पक्षांचे हक्क न्यायबुद्धीनें नव्यानें ठरवावयाचे असतात. तेव्हां जो हुकूम दिवाणी न्यायालयास देतां येत नाहीं, तो न्यायाधिकरणास देतां येतो. त्या दिवसापासून भारतांतील कामगाराला नोकरीच परत मागण्याचा हक्क आहे, आणि १९४७ च्या कायद्याची जागा आतां २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनें घेतली असली, तरी तो हक्क कायम आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अमलांत आली.

म्हणून बडतर्फ झालेल्या मनुष्यानें स्वतःस विचारावयाचा पहिला प्रश्न असा: "कायद्याच्या दृष्टीनें मी कामगार आहें काय?" याचें उत्तर हुद्याच्या पाटीवरून मिळत नाहीं. हातानें केलेलें काम, कसबाचें काम, कारकुनी काम, तांत्रिक काम हें सर्व कामगाराचें काम होय. वृत्तपत्रांतील श्रमिक पत्रकार आणि मालाची विक्री वाढविण्यासाठीं फिरणारे प्रतिनिधि यांचाहि संहितेंत समावेश आहे. मुख्यतः व्यवस्थापनाचें किंवा प्रशासनाचें काम करणारे यांतून वगळले आहेत, आणि ज्यांना दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन मिळतें असे देखरेख करणारेहि वगळले आहेत. परंतु एखाद्या मनुष्यास "सहाय्यक व्यवस्थापक" असें भारदस्त नांव दिलें, आणि दिवसभर त्याच्याकडून खतावणीच लिहून घेतली, तर न्यायालय नांवाकडे पाहत नाहीं, खतावणीकडे पाहतें. तो कोणाची रजा मंजूर करूं शकत होता काय, कोणाला शिक्षा देऊं शकत होता काय, त्याच्या सहीनें कारखाना बांधला जात होता काय, असे प्रश्न विचारले जातात. मोठ्या नांवाच्या मोहानें स्वतःला कामगार न मानणारा मनुष्य पुष्कळदां आपला उत्तम हक्क आपणच टाकून देतो.

दुसरा प्रश्न असा कीं, नोकरी कोणत्या रीतीनें गेली? मालक नोकराला दोन कारणांनीं दूर करतो: त्याच्यावर दोष ठेवून, किंवा दोष न ठेवतां काम उरलें नाहीं म्हणून. दुसरीला छाटणी म्हणतात. ज्यानें वर्षभर अखंड सेवा केली आहे, त्याला छाटणीपूर्वीं एक महिन्याची लेखी सूचना किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागें पंधरा दिवसांचें सरासरी वेतन मिळालें पाहिजे. बारा महिन्यांत २४० दिवस काम केलें असतां सामान्यतः वर्ष भरलें असें मानतात. खाणींत जमिनीखालीं काम करणारास १९० दिवस पुरतात. त्या त्या कामांत जो शेवटीं आला तो प्रथम जावा, हा सर्वसाधारण नियम आहे. तो मोडावयाचा तर मालकानें कारणें नमूद केलीं पाहिजेत. ज्या कारखान्यांत, खाणींत किंवा मळ्यांत ३०० किंवा अधिक कामगार आहेत, तेथें सरकारची आधीं परवानगी लागते. पूर्वीं हा आंकडा १०० होता. ठराविक मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपली, तर मात्र ती छाटणी होत नाहीं.

दोष ठेवून काढणें हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा. येथें कायद्याचें म्हणणें एका वाक्यांत सांगतां येईल: ऐकून घेतल्यावांचून शिक्षा नाहीं. आरोप लेखी आणि स्पष्ट असावा. "तुमची वागणूक समाधानकारक नाहीं" एवढें मोघम लिहिणें पुरत नाहीं. उत्तर देण्यास वेळ मिळावा. चौकशी करणारा अधिकारी स्वतः फिर्यादी किंवा साक्षीदार नसावा. साक्षी नोकराच्या समक्ष व्हाव्या, त्याला उलट तपासणी करतां यावी आणि स्वतःचे साक्षीदार आणतां यावे. वकील आणण्याचा हक्क सरसकट नाहीं. परंतु मालकाच्या बाजूनें कायद्यांत मुरलेला मनुष्य बसला असतां नोकराला मात्र वकील नाकारणें अन्यायाचें होय, असें सर्वोच्च न्यायालयानें मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळाच्या खटल्यांत १९८२ सालीं ठरविलें. कारण ती लढत बरोबरीची राहत नाहीं.

चौकशी चालू असतां नोकराला निलंबित करतां येतें, पण उपाशी ठेवतां येत नाहीं. स्थायी आदेश ज्यांना लागू आहेत अशा आस्थापनांत निलंबनाच्या पहिल्या ९० दिवसांत निम्में वेतन निर्वाहभत्ता म्हणून द्यावें लागतें, आणि विलंब नोकरामुळें झाला नसेल तर पुढें पाऊण वेतन. निर्वाहभत्ता म्हणजे कृपा नव्हे, हें महाराष्ट्रांतील एका खटल्यानें चांगलें दाखविलें. मुंबई नागरी सेवा नियमांत अशी एक तरतूद होती कीं, फौजदारी न्यायालयांत दोषी ठरलेल्या निलंबित नोकरास, त्याचें अपील चालू असतां, दरमहा एक रुपया निर्वाहभत्ता द्यावा. १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती तरतूद रद्द केली. ज्याला महिन्याला एक रुपया मिळतो, त्यानें स्वतःचा बचाव करावयाचा कशाच्या बळावर?

आतां चौकशी यथाविधि झाली आणि दोषहि सिद्ध झाला, तरी शिक्षा दोषाच्या मानानें आहे काय, हा प्रश्न उरतोच. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें न्यायाधिकरणाची सत्ता आंखून दिली होती: मालकाचा हेतु शुद्ध नसेल, सूड उगविला असेल, नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल, किंवा निष्कर्षाला कांहींच आधार नसेल, तरच त्यानें हात घालावा. १९७१ च्या दुरुस्तीनें ही सत्ता वाढविली, आणि पुरावा पुन्हां पारखून बडतर्फीच्या जागीं सौम्य शिक्षा देण्याची मुभा न्यायाधिकरणास मिळाली. तथापि या मुभेस मर्यादा आहे. पुण्याच्या एका कारखान्यांत १९८३ सालीं एक मदतनीस कामाच्या वेळीं गाढ झोंपलेला आढळला व बडतर्फ झाला. झोंपेसाठीं एवढी शिक्षा जबर आहे, असें कामगार न्यायालयास वाटलें. परंतु पूर्वींहि तीनदां त्याचें गैरवर्तन घडलें होतें, आणि ते दाखले पाहून सर्वोच्च न्यायालयानें अखेर बडतर्फीच कायम केली. हा निकाल लागला २००५ सालीं. कामावरील एका झोंपेचा तंटा एकवीस वर्षांहून अधिक काळ जागा राहिला. आरंभींची म्हण अगदींच निराधार नाहीं, तें यामुळें.

दाद मागण्याचा मार्ग असा आहे. पूर्वीं एकट्या कामगाराचा तंटा हा औद्योगिक तंटा मानला जात नसे. संघटनेनें किंवा सोबत्यांनीं तो आपला म्हणावा लागे. १९६५ च्या दुरुस्तीनें ही अट बडतर्फीपुरती काढून टाकली, आणि आतां संघटना पाठीशीं नसली तरी एकटा कामगार उभा राहूं शकतो. त्यानें प्रथम समेट अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावयाचा असतो. हा अधिकारी निकाल देत नाहीं. तो दोघांस समोरासमोर बसवितो, आणि तडजोड झाली तर ती लिहून घेतो. पंचेचाळीस दिवसांत तडजोड न झाल्यास कामगारास स्वतः थेट न्यायाधिकरणाकडे जातां येतें. सरकारनें प्रकरण पाठवावें म्हणून वाट पाहण्याची गरज नाहीं. मात्र नोकरी गेल्यापासून दोन वर्षांच्या आंत तेथें पोंचलें पाहिजे. जुन्या कायद्यांत ही मुदत तीन वर्षांची होती. जुन्या आठवणीवर विसंबणाऱ्याचें एक वर्ष यांत बुडेल.

निकाल कामगाराच्या बाजूनें लागला तर तीन गोष्टींचा विचार होतो: नोकरी परत, सेवेचें सातत्य आणि मधल्या काळाचा पगार. या तिसऱ्या गोष्टीविषयीं महत्त्वाचा निकाल झाला तो औरंगाबाद येथील एका अध्यापिकेच्या प्रकरणांत, २०१३ सालीं. शाळा न्यायाधिकरणानें तिला नोकरी व मागील पगार दोन्ही दिलीं होतीं. उच्च न्यायालयानें पगार काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयानें तो परत दिला. चूक मालकाची असतां मधल्या वर्षांचा तोटा नोकरानें कां सोसावा, असा त्या निकालाचा आशय आहे. मधल्या काळांत आपल्याला दुसरी कमाई नव्हती, असें नोकरानें प्रथम सांगावयाचें. तें खोटें आहे असें मालकाचें म्हणणें असेल, तर तें त्यानें सिद्ध करावयाचें. म्हणून अर्जांत हें विधान करण्यास विसरूं नये. रोजंदारीवरील कामगाराची छाटणी केवळ विधींतील चुकीमुळें बेकायदा ठरली असेल, तर मात्र अलीकडे न्यायालयें बहुधा नोकरीऐवजीं एकरकमी भरपाई देतात. नोकरी परत देण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक वरिष्ठ न्यायालयांत गेला आणि कामगार अन्यत्र नोकरीस नसला, तर तें प्रकरण संपेपर्यंत शेवटच्या दराचा पगार त्याला मिळतो. ही सोय १९८४ पासून आहे.

जे कामगार या व्याख्येंत बसत नाहींत, त्यांचे दरवाजे निराळे. सरकारी नोकराला संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाचें संरक्षण आहे: नेमणूक करणाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्यास त्याला बडतर्फ करतां येत नाहीं, आणि अपवाद सोडले तर चौकशीवांचूनहि करतां येत नाहीं. महाराष्ट्र शासनाच्या नोकरानें प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावयाचें, तें सामान्यतः अंतिम हुकुमापासून एक वर्षाच्या आंत. महाराष्ट्रांतील खाजगी शाळांच्या शिक्षकांसाठीं १९७७ चा कायदा आहे. त्याखालीं शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत अवघी तीस दिवसांची. खाजगी कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यास मात्र बहुधा दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरतो, आणि तेथें नोकरी नव्हे, तर भरपाई मिळते. दाव्याची मुदत तीन वर्षें. पगार मोठा आणि संरक्षण थोडें, असा हा उलटा न्याय पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटतें. स्त्रीनोकराविषयीं आणखी एक नियम सांगितला पाहिजे: प्रसूतीच्या रजेवर असतां किंवा त्या रजेच्या कारणानें तिला काढणें बेकायदा आहे.

हें सर्व हक्क कागदावर आहेत, आणि ते मिळवावयाचेहि कागदानेंच. २४० दिवस भरले हें सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर असते; म्हणून पगाराच्या पावत्या, हजेरीचे उतारे, ओळखपत्र, नेमणुकीचें पत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचे हिशेब नोकरी चालू असतांनाच घरीं जपून ठेवावे. तोंडी "उद्यांपासून येऊं नका" असें सांगितलें गेलें, तर त्याच आठवड्यांत नोंदलेल्या टपालानें लिहावें कीं, "मी कामावर येण्यास तयार आहें, मला येऊं दिलें जात नाहीं." असें पत्र नसलें म्हणजे मालक पुढें म्हणतो, कीं नोकर आपण होऊनच येईनासा झाला. राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही करूं नये. राजीनामा दिला कीं बडतर्फी उरत नाहीं, आणि तो जबरीनें घेतला हें सिद्ध करणें फार कठीण जातें. हिशेबाचे पैसे घ्यावे, कारण ते आपलेच आहेत, आणि नोकरी गेल्यावर दोन कामाच्या दिवसांत ते मिळाले पाहिजेत असा नियम आहे. परंतु पावतीवर "माझी आतां कांहींहि मागणी उरली नाहीं" असें वाक्य असेल, तर आपली हरकत लिहूनच सही करावी. चौकशीची नोटीस आली तर रागानें घरीं बसूं नये. गैरहजर राहणाऱ्याच्या पाठीमागें चौकशी पुरी होते, आणि मग "मला ऐकून घेतलें नाहीं" ही तक्रार त्याच्या तोंडीं शोभत नाहीं.

पंचेचाळीस दिवसांच्या समेटांतच पुष्कळ तंटे मिटूं शकतात, आणि मिटत असतील तर तें उत्तमच. वरच्या न्यायालयांच्या पायऱ्या उंच आहेत आणि त्या चढतांना माणसाचें वय निघून जातें. परंतु समेटाच्या टेबलाशीं देखील मालक ऐकतो तो आपला हक्क जाणणाऱ्याचेंच. बडतर्फीच्या कागदावरील तारीख प्रथम वाचावी, आणि तेथून दिवस मोजावयास लागावें.